फाटायचा तो पत्रा पडद्यावरच फाटू द्या : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रे पत्र्याविषयीच आहेत. प्रेसखाली घालण्याआधी पत्रा संगणकावर दाबून पाहायचा, म्हणजे सिम्युलेशन करायचे, ही पद्धत आता लहान टूलरूमपर्यंत पोचली आहे; आणि तिच्या पाठोपाठ ‘संगणकाने पास केले, प्रेसने नापास’ ही तक्रारही. म्हणून सर्वांत लांब उत्तर वेर्ण्याच्या पत्राला दिले आहे. नावे न छापता फक्त गोव्यातले गाव दिले आहे.

कुंडई औद्योगिक वसाहतीतून एक टूलरूमचालक : आमचे चार माणसांचे वर्कशॉप. गोल कप, झाकणे, लहान ब्रॅकेट यांच्या डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) करतो. गिऱ्हाईक आता प्रत्येक कामाला सिम्युलेशनचा रिपोर्ट मागते. साध्या गोल कपालाही तो लागतो का?

नाही. सरळ भिंतीच्या गोल कपाला कागद आणि कॅल्क्युलेटर पुरतो, आणि गिऱ्हाइकाला तोच हिशेब रिपोर्ट म्हणून द्यावा. समजा १ मिमी पत्र्याचा, ८० मिमी सरासरी व्यासाचा, ५० मिमी उंच कप आहे. काठ कापण्यासाठी ३ मिमी वाढवून उंची ५३ धरा. ब्लँकचा, म्हणजे ओढण्याआधीच्या सपाट चकतीचा, व्यास काढायचा तर कपाच्या व्यासाचा वर्ग घ्या, त्यात व्यास गुणिले उंचीची चौपट मिळवा आणि वर्गमूळ काढा. ६४०० अधिक १६९६० म्हणजे २३३६०. वर्गमूळ सुमारे १५३ मिमी. ब्लँक भागिले कप हे गुणोत्तर १.९१ आले. ओढकामाच्या (पंच नावाच्या ठोकळ्याने पत्रा डायमध्ये ढकलून खोल आकार देण्याच्या) चांगल्या पत्र्याला पहिल्या ओढीत १.८ ते २ झेपते, त्यामुळे एका ओढीत काम होईल, पण फार हात सैल सोडून नव्हे. गुणोत्तर २ च्या वर गेले की दुसरी ओढ धरूनच दर सांगा.

ब्लँक होल्डरचा, म्हणजे ओढताना पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या प्लेटचा, जोर असा काढा. डायचा रेडिअस (तोंडाची गोलाई) ८ मिमी धरला, तर होल्डरखाली दबणारी कडी बाहेरून १५३ आणि आतून सुमारे ९७ मिमी व्यासाची, म्हणजे ११००० चौरस मिमीची. दर चौरस मिमीला २.५ न्यूटन धरले तर २७.५ किलोन्यूटन, म्हणजे २.८ टन. पंचाचा जास्तीत जास्त जोर म्हणजे परीघ गुणिले जाडी गुणिले टेन्साइल (पत्रा तुटायला लागणारा ताण). ३०० एमपीएच्या (चौरस मिमीला ३०० न्यूटन) पत्र्याला ७५ किलोन्यूटन, म्हणजे पावणेआठ टनांच्या आत. क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) एका बाजूला १.१ ते १.२ मिमी. झाला रिपोर्ट.

चौकोनी डबा, तिरपी भिंत, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ असा आकार आला की हा हिशेब हात टेकतो. तिथे सिम्युलेशन घ्या, पण कोणते ते विचारून घ्या. एक प्रकार ‘वन-स्टेप’. तयार भागाचा आकार उलटा उलगडून सपाट ब्लँक काढायचा, हे काम काही मिनिटांत होते. ब्लँकचा आकार, मटेरिअलचा खर्च आणि पत्रा कुठे पातळ होईल याचा अंदाज त्यातून मिळतो, म्हणजे कोटेशनला उत्तम. पण पत्रा वाटेत कसा वळला, होल्डरखालून कसा सरकला, मधेच कुठे सुरकुती पडून परत दाबली गेली, हे त्याला दिसत नाही. दुसरा प्रकार ‘इन्क्रिमेंटल’: पत्रा डायवर टेकवण्यापासून होल्डर बंद होणे, ओढ, ट्रिमिंग आणि शेवटी स्प्रिंगबॅक (दाब सुटल्यावर पत्र्याचे थोडे परत उघडणे) असे टप्प्याटप्प्याने. ऑटोफॉर्म, पॅम-स्टॅम्प, एलएस-डायना ही या दुसऱ्या कामाची नेहमीची नावे. डायचे स्टील कापण्याआधी हवे ते हेच. वन-स्टेपचा रंगीत कागद दाखवून इन्क्रिमेंटलचे पैसे घेणारेही भेटतात. रिपोर्टमध्ये होल्डरचा जोर, घर्षणाचा आकडा आणि ड्रॉ बीड (पत्र्याची सरक अडवणारे उंचवटे) लिहिलेली नसतील तर समजून जावे.

वेर्ण्याहून प्रेस शॉपचे एक सुपरवायझर : १.२ मिमी ईडीडी (खोल ओढीच्या) पत्र्याचा ७० मिमी खोल ऑईल पॅन आहे. सिम्युलेशनमध्ये सर्वाधिक थिनिंग (पातळ होणे) १९ टक्के, सगळा भाग हिरवा. ट्रायआउटला (प्रेसवरच्या चाचणीला) दहातले सहा नग एका-दोन कोपऱ्यांत, पंचाच्या रेडिअसच्या जरा वर, फाटले. डायवाला म्हणतो सॉफ्टवेअर चूक, सिम्युलेशनवाला म्हणतो डाय चूक. कोणाचे धरावे?

दोघांचेही धरू नका. आधी पट्टी घ्या आणि फ्लँज, म्हणजे होल्डरखाली राहिलेली कड, मोजा. पत्र्याची कड आत किती सरकली हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे मोजमाप आहे. प्रेस फाटण्याच्या पाच-सहा मिलिमीटर आधी थांबवा, नग बाहेर काढा. चार कोपरे आणि चार बाजूंचे मध्य अशा आठ जागी कड मूळ ब्लँकपासून किती आत आली ते लिहा. सिम्युलेशनवाल्याकडून पंच त्याच उंचीवर असतानाचे तेच आठ आकडे मागा. तुलना करताच भांडण निम्मे मिटते.

पडद्यावर बाजूची कड २६ मिमी आत आली आणि तुमच्या नगावर २२ आली, तर पत्रा कुठेतरी अडवला जातोय. म्हणजे घर्षण, होल्डरचा जोर, बीड किंवा डायचा रेडिअस. आठही आकडे जुळले आणि तरी कोपरा जास्त पातळ झाला, तर पत्राच वेगळा आहे. सात जागी जुळले आणि एकाच कोपऱ्यात नाही, तर स्पॉटिंग (होल्डर आणि डायची तोंडे एकमेकांवर नीट बसणे), कुशनच्या (होल्डरला खालून जोर देणाऱ्या हवेच्या सिलिंडरच्या) पिना किंवा ब्लँक ठेवण्याची जागा तपासा.

आता पत्र्याचे पाहू, कारण इथे आकड्यांनीच बोलता येते. ‘हिरवा’ म्हणजे तो बिंदू फॉर्मिंग लिमिट कर्व्हच्या, बोलीतल्या एफएलसीच्या, खाली आहे एवढेच. ही रेषा १९६०च्या दशकातल्या कीलर आणि गुडविन यांच्या कामातून आली. साध्या पोलादाच्या पत्र्यासाठी तिचा सर्वांत खालचा बिंदू काढायचे सूत्र सोपे आहे. जाडीला १४.१३ ने गुणा, २३.३ मिळवा आणि ‘एन’ (पत्रा ताण किती वाटून घेतो याचा आकडा) भागिले ०.२१ ने गुणा. उत्तर टक्क्यांत येते. एन कितीही मोठा असला तरी सूत्रात तो ०.२१ च्या वर धरायचा नाही.

सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतल्या ईडीडीचा एन ०.२२ असेल तर १.२ मिमीला मर्यादा येते ४०.३ टक्के. तुमच्या कॉइलचा एन प्रत्यक्षात ०.१८ आणि मायक्रोमीटरवर जाडी १.१२ निघाली, तर तीच मर्यादा ३३.५ वर उतरते. सात टक्के असेच गेले, आणि ते रिपोर्टमध्ये कुठेही दिसत नाहीत.

पण एवढ्यावर ‘पत्रा खराब’ म्हणून पुरवठादाराला फोन लावू नका. तुमच्या रिपोर्टमधले १९ टक्के थिनिंग म्हणजे, त्या जागी आडवा स्ट्रेन (ताणले जाण्याचे प्रमाण) शून्याजवळ धरला तर, मोठा स्ट्रेन साडेतेवीस टक्के. मर्यादा ३३.५ वर आली तरी मधे दहा टक्क्यांचे अंतर उरतेच. म्हणजे एकट्या पत्र्याने नग फाटलेला नाही. उरलेले दहा टक्के अडवणुकीतून आले. एन कमी असलेला पत्रा ताण शेजारी वाटून देत नाही, एकाच जागी ओढला जातो, त्यामुळे ही अडवणूक त्याला जास्त भोवली.

अडवणुकीत पहिला संशयित कुशन. सिम्युलेशनमध्ये होल्डरचा जोर टनांत असतो, प्रेसवर गेजचा आकडा बारमध्ये. मधला हिशेब अनेक ठिकाणी कोणी करतच नाही. ३०० मिमी व्यासाच्या एका एअर कुशनला ५ बारवर सुमारे ३.६ टन मिळतात; त्यातून पिना आणि होल्डर प्लेटचे वजन आणि सीलचे घर्षण वेगळे. शिवाय कुशन खाली दबताना हवा आकसते. सर्ज टँक (कुशनला जोडलेली हवेची टाकी) लहान असेल तर ५ बारचे ६ होतात, म्हणजे ओढ संपत आली असताना, जेव्हा कोपरा सर्वांत नाजूक असतो, नेमका तेव्हा जोर वीस टक्क्यांनी वाढलेला असतो. सिम्युलेशनमध्ये तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच धरलेला असतो. नायट्रोजन गॅस स्प्रिंग असल्या तर जोर स्ट्रोकबरोबर चढतच जातो. त्यांचा आलेख कॅटलॉगमध्ये मिळतो, तोच मॉडेलमध्ये भरायला सांगा.

पिना एकदा सर्व काढून सरफेस प्लेटवर उभ्या करा. एखादी ०.३ मिमीने आखूड निघाली तर त्या बाजूचा होल्डर सैल, आणि तो भार शेजारच्या कोपऱ्यावर. होल्डरच्या तोंडाला ब्ल्यू (टेकलेली जागा दाखवणारा निळा रंग) मारून ब्लँक दाबून पाहा. सपाट ब्लँकवर सगळीकडे सारखा ब्ल्यू आला म्हणून मात्र खूश होऊ नका. चौकोनी ओढीत कोपऱ्याच्या फ्लँजमधला पत्रा आकसून जाड होतो, १.२ चा १.३ ते १.३५ होणे नेहमीचे. तो जाड झाला की होल्डर तिथेच उचलला जातो, सगळा जोर चार कोपऱ्यांवर येतो आणि बाजू मोकळ्या सुटतात. म्हणून अर्धवट ओढलेल्या नगावर पुन्हा ब्ल्यू मारा आणि होल्डरला कोपऱ्यांत तेवढी मोकळीक द्या. सिम्युलेशन होल्डरला न वाकणारा ठोकळा समजते, प्रेसचा बेड मधोमध दबतो हेही त्याला माहीत नसते. ही समज माणसानेच पुरवायची.

ड्रॉ बीड बहुतेक वेळा मॉडेलमध्ये नुसती रेघ असते, तिच्यावर ‘दर मिलिमीटरला इतके न्यूटन’ असा आकडा लिहिलेला. टूलरूममध्ये मात्र कोणीतरी बीडची उंची ठरवतो आणि ती ग्राइंडरने कापतो. हे दोन आकडे एकमेकांना कधी भेटलेले नसतात. डाय कापायला देण्याआधीचा शेवटचा रन खऱ्या आकाराच्या बीडवर मागा. डायचा रेडिअसही गेजने पाहा. ड्रॉइंगवर ८ आणि डायवर साडेसहा, हा प्रकार कोपऱ्यातच होतो, कारण तिथे हात पोचत नाही.

घर्षणाचा आकडा राहिला. न विचारता सगळे ०.१५ किंवा ०.१२ भरतात. चांगल्या ड्रॉइंग ऑईलने तो ०.१० पर्यंत उतरतो. आणि पावसाळ्यात, शेडमध्ये घाम फुटलेल्या थंड कॉइलवर पाणी आणि ऑईल यांची दुधाळ खिचडी झाली की वर चढतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हे रोजचे. म्हणून एक रन नव्हे, तीन रन मागा: ०.१०, ०.१३, ०.१६. तिन्हीत कोपरा टिकला तर डाय पावसाळा काढील. ०.१६ ला फाटला तर आज जरी नग चांगले आले तरी जुलैत रिजेक्शन येणार हे आताच लिहून ठेवा. मात्र नग फाटतोय म्हणून घर्षणाचा आकडा वाढवत न्यायचा आणि पडद्यावरही फाटला की ‘जुळले’ म्हणायचे, असे करू नका. तो आकडा कुशन, रेडिअस, बीड या सगळ्यांची पापे पोटात घेतो, आणि पुढच्या डायला पुन्हा तीच चूक होते.

पत्र्याची खात्री करायची असेल तर कॉइलच्या टीसीवर (टेस्ट सर्टिफिकेटवर) थांबू नका. त्यावर यील्ड (पत्रा कायमचा वाकू लागतो तो ताण), टेन्साइल, इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबीतली वाढ) मिळते. एन आणि आर (पातळ होण्याला पत्र्याचा विरोध) बहुधा मागावे लागतात. रोलिंगच्या दिशेला, ४५ अंशांत आणि आडवे अशा तिन्ही दिशांचे प्रत्येकी तीन तुकडे टेन्साइल टेस्टला द्या आणि आकड्यांबरोबर पूर्ण कर्व्ह (ताण आणि स्ट्रेनचा आलेख) मागून घ्या. सिम्युलेशनला लागतो तो कर्व्हच. शेवटचा पुरावा हवा असेल तर ब्लँकच्या कोपऱ्यावर इलेक्ट्रोकेमिकल मार्किंगने २.५ मिमीच्या वर्तुळांची जाळी उठवा आणि ओढा. वर्तुळाची लंबगोल झालेली लांब बाजू ३.३ आणि आखूड २.५ भरली, तर मोठा स्ट्रेन ३२ टक्के. लायब्ररीतल्या ४०.३ पुढे हा आकडा निर्धास्त वाटतो, तुमच्या ३३.५ पुढे तो कड्यावर उभा आहे. मोजताना भेगेवरचे वर्तुळ नको, तिच्या लगतचे घ्या.

मडकईहून एक डाय डिझायनर : २ मिमी हायस्ट्रेंग्थ पत्र्याचा यू ब्रॅकेट ९० अंशांना वाकवतो, पण दोन्ही पाय उघडतात. साध्या पत्र्याला अर्धा-पाऊण अंश पुरायचा. सिम्युलेशनने स्प्रिंगबॅक आधी कळेल का?

कळेल, पण फाटण्या-सुरकुत्यांइतके सहज नाही. आतला रेडिअस ६, जाडी २ धरून साध्या वाकवण्याच्या सूत्राने पाहा. यील्ड २०० एमपीए असलेला पत्रा दर कोपऱ्याला सुमारे ०.७ अंश उघडतो, ५५० एमपीएचा १.८ अंश. ही तुमच्या तक्रारीची अर्धी बाजू. दुसरी अर्धी बाजू सूत्रात नाही: पत्रा डायच्या रेडिअसवरून घसरताना एकदा वाकतो आणि मग सरळ होतो, त्यामुळे पायाची भिंतच कमानीसारखी वळते. ते पाहायला सिम्युलेशन लागते, आणि तिथे सेटिंग चुकली तर उत्तर फसवे येते.

सिम्युलेशनवाल्याला पुढच्या गोष्टी विचारा. रेडिअसवर किती एलिमेंट (संगणकाने पाडलेले पत्र्याचे बारीक तुकडे) आहेत? ६ मिमीच्या पाव वर्तुळाची लांबी साडेनऊ मिमी. तिथे किमान पाच-सहा एलिमेंट हवेत, म्हणजे दीड-दोन मिमीपेक्षा मोठे नकोत. जाडीत किती इंटिग्रेशन पॉइंट (हिशेबाचे बिंदू)? फाटणे पाहायला ५ चालतात, स्प्रिंगबॅकला ७ किंवा ९. हार्डनिंगचे (ताणल्यावर पत्रा कडक होण्याचे) मॉडेल कोणते? वाकून उलट सरळ होणाऱ्या पत्र्याचे यील्ड उलट दिशेला आधीच येते, हे साध्या आयसोट्रॉपिक मॉडेलला कळत नाही. त्याला योशिदा-उएमोरीसारखे कायनेमॅटिक मॉडेल लागते. शिवाय हायस्ट्रेंग्थ पत्रा ताणल्यावर त्याचा इलॅस्टिक मॉड्युलस (ताठरपणा) २१० जीपीए राहत नाही, घटतो. तो घटवला नाही तर स्प्रिंगबॅक कमी दिसतो, आणि तुमचे पाय कागदावरच्यापेक्षा जास्त उघडतात. नग पडद्यावर ज्या तीन बिंदूंवर धरला तेच बिंदू चेकिंग फिक्सरवर आहेत का, हेही पाहा. नसले तर दोन बरोबर आकड्यांची चुकीची तुलना होते.

उपाय प्रेसवर करायचे. पंच आणि डाय दोन अंश जास्त वाकवणारी करा, किंवा वाकीवर आतून लहान त्रिकोणी रिब द्या. भिंतीची कमान काढायची असेल तर ओढीच्या शेवटच्या तीन-चार मिलिमीटरला फ्लँज पक्की धरून भिंत ताणून घ्या. आणि गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधी सांगा. कॉइलचे यील्ड ५०० ते ६०० मध्ये हलले तर प्रत्येक पाय ०.३३ अंशाने हलतो. ६० मिमी लांबीच्या पायाच्या टोकाला ते ०.३५ मिमी. डाय कितीही वेळा दुरुस्त केली तरी हा फरक तिच्या हातात नाही.

थिवीहून : आमच्या तिरप्या भिंतीच्या भागाला मधोमध सुरकुत्या येतात, सिम्युलेशनमध्ये त्या नव्हत्या.

मेश (एलिमेंटची जाळी) जाड असणार. दहा मिमीच्या एलिमेंटमध्ये आठ मिमीची सुरकुती मावून जाते. पंच तळाला टेकण्याआधी १०, ५ आणि ३ मिमी असतानाची चित्रे मागा. तळाला सुरकुत्या दाबल्या जाऊन गुळगुळीत दिसतात. प्रेसवरही त्याच तीन उंचीवर नग थांबवून शेजारी ठेवा. होल्डरखालच्या सुरकुत्या जोर वाढवून जातात. तिरप्या भिंतीतल्या बहुधा जात नाहीत, त्यांना बीडने ताण द्यावा लागतो.

डिचोलीहून भांड्यांचे एक कारखानदार : स्टेनलेसचे खोल टोप ओढतो. प्रेसवरून नग उत्तम उतरतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे तर काठापासून खाली उभ्या भेगा. रात्री शेडमध्ये कोणी हात लावलेला नसतो! हे सिम्युलेशनमध्ये का दिसत नाही?

कारण ते ओढताना फाटलेलेच नाहीत. स्टेनलेसची ३०४ आणि त्याहून जास्त २०० सिरीजची जात ओढताना आतून बदलते: ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट होतो, कडक आणि ठिसूळ. काठाला तो सर्वांत जास्त, कारण तिथला पत्रा सर्वांत जास्त आकसलेला असतो. त्यात काठाला गोलाईच्या दिशेने ताण अडकून राहतो, पत्र्यातला थोडासा हायड्रोजन भर घालतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी भेग उघडते. तपासणी सोपी आहे: लोहचुंबक घ्या. कोऱ्या ब्लँकला तो जवळजवळ चिकटणार नाही, ओढलेल्या टोपाच्या काठाला चिकटेल. जितका घट्ट, तितका धोका.

एफएलसीच्या रंगात हे कधीच येणार नाही. पण स्प्रिंगबॅकनंतर काठावर गोलाईच्या दिशेचा उरलेला ताण सिम्युलेशनमध्ये पाहता येतो, आणि दोन ओढींची कोणती विभागणी तो कमी ठेवते हेही. पहिल्या ओढीचे गुणोत्तर १.७ च्या आत आणा, उरलेले दुसरीला द्या. काठ ओढल्यावर लगेच कापा, रात्रभर तसाच ठेवू नका. मधे ॲनीलिंग (तापवून पत्रा मऊ करणे) करायचे तर १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि झटपट गार करून, तेही त्याच पाळीत. निकेल कमी असलेला २०१ स्वस्त पडतो म्हणून घेतला असेल तर खोल टोपांना तो वापरू नका. ताटे आणि झाकणे त्याची करा. गार सकाळी भेगा जास्त येतात असे आढळले तर नवल नाही, पत्रा गार असताना मार्टेन्साइट जास्त तयार होतो.

साखळीहून एक प्रेस ऑपरेटर : एप्रिलमध्ये आलेला पत्रा मेमध्ये छान चालला. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) सुट्टीनंतर त्याच लॉटच्या उरलेल्या गठ्ठ्यावर झाकणांच्या सपाट भागात अळ्या फिरल्यासारख्या रेषा उठल्या. डाय तीच, ऑईल तेच. सुट्टीत डायला काही झाले का?

डायला काही झालेले नाही आणि दोष चवथीचाही नाही. एप्रिलपासूनच्या गरमीचा आहे. साध्या कमी कार्बनच्या पत्र्यात कार्बन-नायट्रोजनचे मोकळे अणू असतात. कारखान्यात शेवटी पत्र्याला हलका स्किन पास (रोलरचा दाब) देतात, तेवढ्याने पत्रा एकसारखा ताणला जातो. काही महिन्यांत, आणि गरम पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून लवकर, ते अणू परत जागा अडवतात. मग यील्डच्या वेळी पत्रा एकसारखा न ताणता पट्ट्यापट्ट्यांनी ताणला जातो. त्याच त्या रेषा. खोल ओढलेल्या भिंतीवर त्या दिसत नाहीत, तिथे सगळाच पत्रा पुरेसा ताणलेला असतो. सपाट भागात स्ट्रेन एक-दोन टक्केच असतो म्हणून तिथे उठतात.

सिम्युलेशनला गुळगुळीत कर्व्ह दिलेला असतो, त्यामुळे रेषा ते दाखवणार नाही. पण स्ट्रेन दोन-तीन टक्क्यांहून कमी राहणारा भाग कोणता, हे ते अचूक रंगवून देते; रेषा येतील तर तिथेच. आत्ताचा गठ्ठा प्रेसवर घालण्याच्या अगदी आधी रोलर लेव्हलरमधून काढा आणि त्याच दिवशी संपवा. दिसणाऱ्या भागासाठी पुढच्या वेळी आयएफ (असे मोकळे अणू नसलेली) ग्रेड मागा, त्याला हा रोग होत नाही. आणि गोदामात आधी आलेला आधी वापरा. नव्या गठ्ठ्याखाली जुना चिरडून ठेवायची सवय मोडा.

पिळर्ण्याहून : भोकाची कॉलर २० मिमीची ३० करतो. कडेला बारीक भेगा, सिम्युलेशन हिरवे.

कडेचा स्ट्रेन ५० टक्के होतो आणि कड पंचने आधीच जखमी केलेली असते. एफएलसी न कापलेल्या पत्र्यासाठी आहे. कापलेल्या कडेला होल एक्स्पान्शनची (भोक किती रुंदावते याची) वेगळी मर्यादा लागते. भोक मारताना बोथट पंच बदला, क्लिअरन्स एका बाजूला जाडीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि बर (कापताना कडेला उठलेली धार) कॉलरच्या पंचाकडे, म्हणजे आतल्या बाजूला, येईल असा ब्लँक उलटा. दोन नगांचे भोक रीमरने साफ करून पाहा. भेगा थांबल्या तर दोष कडेचा, पत्र्याचा नाही.

फर्मागुडीहून मेकॅनिकलचा एक विद्यार्थी : प्रोजेक्टसाठी कपाचे सिम्युलेशन केले. प्रेसचा वेग खरा दिला तर रन दोन दिवस संपत नाही, वेग वाढवला तर संपतो पण पत्रा थरथरतो. कुठे थांबावे?

एक्स्प्लिसिट (वेळेच्या अगदी बारीक टप्प्यांनी पुढे जाणाऱ्या) पद्धतीत वेग वाढवणे किंवा मास स्केलिंग (पत्र्याचे वस्तुमान हिशेबात वाढवणे) करणे चालते, फक्त कायनेटिक एनर्जी (हालचालीची ऊर्जा) पाहत राहा. इंटर्नल एनर्जीच्या (पत्रा वाकवण्यात गेलेल्या ऊर्जेच्या) पाच टक्क्यांच्या आत राहिली तर ठीक; पत्रा टेकण्याच्या पहिल्या क्षणांत ती उडी मारते, ते सोडून द्या. पंचचा वेग सेकंदाला दोन ते पाच मीटर ठेवून सुरुवात करा, सुरुवात आणि शेवट हळू होईल असा कर्व्ह द्या. मग वेग निम्मा करून दुसरा रन घ्या. सर्वांत पातळ जागेची जाडी दोन्हीत शतांश मिलिमीटरपर्यंत तीच आली तर पहिला वेग चालला. आणि पाव भागाचे मॉडेल करताना आर व्हॅल्यू तिन्ही दिशांची भरा. एकच सरासरी भरली तर कपाच्या काठाला कान (वरखाली लाटा) येणार नाहीत, आणि वर्कशॉपमध्ये ओढलेल्या खऱ्या कपाला चार येतील. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.